एक झेंडू, अनेक झेंडू

एक आंबा, दहा आंबे. एक वही, दहा वह्या. एक पान, दहा पाने. इथवर कोणालाच अडचण नाही. आता पुढे चला. एक झेंडू, आणि दहा काय? दुसरी-तिसरीतल्या मुलाला हे विचारून पाहा. तो डोके खाजवील, इकडेतिकडे पाहील आणि बहुधा म्हणेल, "दहा झेंडूची फुलं." प्रश्न झेंडूचा होता, उत्तर फुलांचे आले. पण मूल चुकले असे म्हणण्याची घाई करू नका. त्याच्या उत्तरात मराठीचा एक जुना स्वभाव आहे. शिवाय शेवटी त्याने जो 'फुलं' हा शब्द उच्चारला, त्यात आपल्या लेखनपद्धतीचा मोठा इतिहास दडलेला आहे. विषय दिसायला लहान आहे खरा. पण मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईच्या रेघा पडतात त्या अशाच लहान गोष्टींवरून, आणि त्या रेघांनी मूल लिहायला भिऊ लागते. म्हणून या विषयाला थोडा वेळ द्यावा असे मला वाटते.

आधी फुलाची ओळख करून घेऊ. झेंडू आपल्याकडे इतका रुळला आहे की, तो मूळचा परका आहे हे सांगून खरे वाटत नाही. दसऱ्याचे तोरण, दिवाळीची लक्ष्मीपूजा, बैलांच्या गळ्यातल्या माळा, लग्नाचा मांडव, नव्या गाडीचा हार, यांतले काहीही झेंडूवाचून होत नाही. तरी हे झाड मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतजवळ येऊन पोहोचला. त्यानंतर रोपे, बिया आणि फळे जहाजांतून जगभर फिरू लागली. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, अननस, काजू, तंबाखू ही सगळी मंडळी आपल्याकडे आली ती याच दर्यावर्दी काळात. झेंडू त्यांचाच सोबती.

भिवंडीकरांना ती वाट काही फार लांबची नाही. पोर्तुगीजांकडे वसई आली १५३४ साली, आणि चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली १७३९ साली. म्हणजे दोनशे वर्षे भिवंडीच्या शेजारी त्यांचे राज्य होते. भिवंडीची कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, तीच खाडी पुढे वसईला समुद्रात जाते. याच पाण्यावरून कल्याण-भिवंडीचा माल ये-जा करी. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण आणि भिवंडी ही दोन ठाणी घेतली तेव्हा हा सारा मुलूख समुद्राच्या व्यापाराशी चांगला बांधलेला होता. परदेशी बी-बियाणे देशात शिरण्याच्या ज्या वाटा होत्या, त्यांतली एक अशी आपल्या दारावरून गेलेली आहे.

याचा भाषेच्या दृष्टीने अर्थ काय? तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरांच्या काळी, मराठी माणसाला मोगरा ठाऊक होता, जाई ठाऊक होती, कमळ ठाऊक होते. आजचा झेंडू मात्र त्याने पाहिलेला नव्हता. झाड आले आणि मग त्याला नाव शोधावे लागले.

नवी वस्तू आली की लोक ओळखीच्या वस्तूवरून तिचे नाव पाडतात. या फुलाचे तसेच झाले. हिंदीत त्याला गेंदा म्हणतात. गेंद म्हणजे चेंडू. कन्नडात चेंडु हूवु, म्हणजे सरळ चेंडूचे फूल. तेलुगूत बंति म्हणजे चेंडू आणि बंतिपुव्वु म्हणजे हे फूल. आपले चेंडू आणि झेंडू हे शब्दही शेजारी ठेवून उच्चारून पाहा, म्हणजे आपले पूर्वज या फुलाकडे पाहून काय म्हणाले असतील याचा अंदाज येतो. कोकणात काही ठिकाणी याला गोंडा म्हणतात. टोपीला किंवा शालीला लावतात तो लोकरीचा गोंडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ते नाव पटेल. इंग्रजांनी मात्र गंमत केली. मोठ्या झेंडूला त्यांनी आफ्रिकन म्हटले आणि लहान, मखमली पाकळ्यांच्या झेंडूला फ्रेंच म्हटले. वास्तविक दोघेही अमेरिकेकडचे!

पण आपल्या आजच्या विषयाला याहून महत्त्वाची अशी दुसरी नावे आहेत. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नावात चक्क एक आकडा आहे. त्यांच्या नाहुआत्ल भाषेत 'सेंपोअली' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. दोन्ही मिळून झेंडूचे नाव झाले वीस-फूल. हे लोक विसांनी मोजत. आपल्या खेड्यांतील जुनी माणसे एक विसा, दोन विसा, तीन विसा अशी मोजणी करीत, तशातलाच हा प्रकार. त्यामुळे वीस म्हणजे भरपूर, पुष्कळ, असाही अर्थ त्यांच्या मनात असे. फारसीत आणि उर्दूत याच फुलाला सदबर्ग म्हणतात. सद म्हणजे शंभर, बर्ग म्हणजे पान. गुजरातीत हजारीगोटा असे नाव आहे. म्हणजे कोणी याला वीस म्हटले, कोणी शंभर, कोणी हजार. तीन मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता या एका फुलाला अनेक म्हटले.

त्यांचे डोळे चांगले होते असेच म्हणावे लागते, कारण वनस्पतिशास्त्रही तेच सांगते. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींची नावे लावून दिली. तेव्हा झेंडूला त्याने टॅजेटिस या नावाखाली घातले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी त्याला सूर्यफूल व शेवंती यांच्या कुळात बसवले. या कुळाची खूण अशी की, आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसते. ती लहान लहान फुलांची एक भरगच्च परडी असते. झेंडू घेऊन तो मधोमध उभा चिरून पाहा. जिला आपण पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी एक काडीसारखा भाग दिसेल. ते एक स्वतंत्र फूल आहे. शेतकऱ्यांना हे निराळे सांगायला नको. वाळलेला झेंडू तळहातावर चोळला की काळ्या, लांबट, टोकाशी पांढुरके तूस असलेल्या पुष्कळ बिया पडतात. त्यांतली प्रत्येक बी एकेका फुलाची. तेव्हा एक झेंडू म्हटले तरी तो मुळात अनेकच!

निसर्गाचे झाले. आता भाषेकडे वळू. मराठी व्याकरणाचा नियम असा: पुल्लिंगी नाम आकारान्त असले तर त्याचे अनेकवचन एकारान्त होते. घोडा, घोडे. आंबा, आंबे. या नियमाने मोगरा, मोगरे होते. चाफा, चाफे होते. केवडा, केवडे होते. आणि कोकणातला गोंडा, गोंडे होतो. आकारान्त नसलेली पुल्लिंगी नामे मात्र अनेकवचनात जशीच्या तशी राहतात. देव आला, देव आले. कवी आला, कवी आले. लाडू संपला, लाडू संपले. झेंडू हा या लाडवांच्या पंगतीतला. म्हणून पहिल्या प्रश्नाचे व्याकरणातले उत्तर सरळ आहे: एक झेंडू, दहा झेंडू. गुलाबाचेही तसेच.

मग एक की अनेक हे कळते कशावरून? शेजाऱ्यांवरून. पिवळा झेंडू फुलला म्हटले की एक. पिवळे झेंडू फुलले म्हटले की अनेक. नाम गप्प बसते, विशेषण आणि क्रियापद बोलतात. आमच्या भिवंडीच्या खाडीकाठच्या आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो आणि पिवळा झेंडू 'पिवला' होतो; पण तेथेही एकाचे अनेक झाले की 'पिवला'चे 'पिवले' होतातच. उच्चार बदलला तरी हिशेब चोख राहतो.

तरीही मूल दहा झेंडू असे न म्हणता दहा झेंडूची फुलं असे का म्हणते? कारण मराठीत फुलाचे नाव हे बहुतेक वेळा झाडाचे किंवा जातीचे नाव असते, आणि मोजायची वस्तू असते ती फूल. शेवंती, अबोली, जाई, जुई ही नावे घ्या. नदीचे नद्या, सुईचे सुया, तसे शेवंतीचे शेवंत्या आणि जुईचे जुया व्हायला व्याकरणाची आडकाठी नाही. पण तसे कोणी म्हणत नाही. शेवंतीची फुले, जुईची फुले, असेच आपण म्हणतो. नाव एकवचनात ठेवायचे आणि संख्येचा भार 'फुले' या शब्दावर टाकायचा, ही मराठीची रीत आहे. गजऱ्यात शंभर कळ्या असल्या तरी तो मोगऱ्याचा गजरा असतो, मोगऱ्यांचा नव्हे. हारात दोनशे झेंडू ओवले तरी तो झेंडूचा हार. आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेल्या विडंबन-कवितांच्या पुस्तकाला 'झेंडूची फुले' असे नाव दिले. ते नाव या रीतीला धरूनच आहे. 'झेंडूंची फुले' म्हटले असते तर ते कानाला खटकले असते.

बाजारात हीच रीत आणखी एक पाऊल पुढे जाते. दादरच्या फुलबाजारात जा किंवा भिवंडीच्या मंडईत जा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक विचारते, "झेंडू कसा दिला?" समोर डोंगराएवढा ढीग असतो, तरी शब्द एकवचनी. "यंदा झेंडू महागला," "पावसाने झेंडू भिजला," "झेंडू उतरला," असेच सगळे बोलतात. कांदा महागला, आंबा आला, भात पिकला, असे आपण म्हणतो त्यातलाच हा प्रकार. जी वस्तू वजनावर किंवा पाटीने विकली जाते, तिचे भाषेत पीक होते आणि पीक एकवचनी असते. तीच वस्तू घरी येऊन सुईदोऱ्याजवळ बसली की पुन्हा मोजली जाते: "दाराच्या तोरणाला आणखी चार झेंडू लागतील ग!" शेतकरी आणि व्यापारी यांचा झेंडू एकवचनी, आजीबाईंचा झेंडू अनेकवचनी. दोघांचेही बरोबर आहे.

आता आपण बोलण्याकडून लिहिण्याकडे येऊ, कारण खरा घोटाळा तेथे आहे. मूल म्हणते 'फुलं', आणि गुरुजी म्हणतात 'फुले' लिही. घरातल्या जुन्या पुस्तकात पाहावे तर तिसरेच: 'फुलें', वर टिंब दिलेले. एका शब्दाची तीन रूपे! यांतले खरे कोणते?

तिन्ही एकाच घराण्यातली आहेत. संस्कृतात नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन 'आनि' लागून होते: वनानि, फलानि. प्राकृतात त्याचे 'आइं' झाले: वणाइं, फलाइं. पुढे आ आणि इ एकमेकांत मिसळून ए झाला, आणि शेवटी जो 'न' होता त्याचा नुसता नाकातला सूर उरला. फुल्ल या शब्दापासून निघालेल्या आपल्या फुलाचे अनेकवचन अशा रीतीने 'फुलें' झाले. ते टिंब म्हणजे एका जुन्या 'न'ची आठवण. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मराठीच्या रूपांची अशी वंशावळ शोधण्याचा मोठा उद्योग आहे. पुढे बोलताना नाकातला तो सूर बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आणि शेवटचा स्वर लांबट 'अ' झाला. तेच आपले 'फुलं'. खाली मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत गेलात तर 'फुलां' ऐकू येईल. आई एक, मुले निराळी.

छापखाने आले, शाळा आल्या, तेव्हा काय लिहावे हे ठरवावे लागले. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. त्या काळच्या लेखनात 'फुलें' हे टिंबासह लिहिले जाई. नुसत्या नामावर टिंब देऊन भागत नसे. विशेषणावरही ते यावे लागे. आज आपण 'झेंडूची माळ' आणि 'झेंडूची फुले' या दोन्हींत 'झेंडूची' एकसारखेच लिहितो. जुन्या पद्धतीने पहिले 'झेंडूची माळ' आणि दुसरे 'झेंडूचीं फुलें' असे लिहावे लागे. 'पिवळी माळ', पण 'पिवळीं फुलें'. म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन आले की टिंबांची रांगच लागे. उच्चारात काही ऐकू येत नसताना विद्यार्थ्याने ही टिंबे पाठ करायची, आणि चुकली की गुण गमवायचे!

या टिंबांना काही उपयोगच नव्हता असे नव्हे. माणसाचे 'नांव' आणि पाण्यातली 'नाव', दळायचे 'जातें' आणि ती 'जाते', हे भेद डोळ्यांना दिसत. शब्दाचे कूळही कळे. पण ज्याला संस्कृत-प्राकृताची वाट माहीत नाही त्या खेड्यातल्या मुलाला ती टिंबे म्हणजे वाटेवरचे काटेच होते. शाळा मूठभर घरांपुरती होती तोवर हे चालून गेले. शाळा वाडीवस्तीवर जाऊ लागली तेव्हा ते चालणे कठीण होते.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले आणि त्याने लेखनविषयक चौदा नियम ठरवले. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली त्यांना मान्यता दिली. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली आणि ते अठरा झाले. या नियमांनी व्युत्पत्तीसाठी द्यावयाची, पण उच्चारात नसलेली, टिंबे काढून टाकली. 'फुलें'चे 'फुले' झाले, 'झेंडूचीं'चे 'झेंडूची' झाले, 'नांव'चे 'नाव' झाले. पण जुने लेखन पुसून टाकले नाही: केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाप्रमाणेच छापावे, असेही त्यांत सांगून ठेवले. म्हणून जुन्या पुस्तकात 'फुलें' दिसले तर ती चूक समजू नये. ती त्या काळची शिस्त आहे.

येथे शिक्षक बंधु-भगिनींनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सगळीच टिंबे गेली नाहीत. एक टिंब मुद्दाम राखले आहे, आणि ते फार कामाचे आहे. अनेकवचनी नामाला प्रत्यय लागतो तेव्हा त्याच्या सामान्यरूपावर अनुस्वार द्यावाच लागतो. फुलाचा रंग म्हटले की एका फुलाचा. फुलांचा रंग म्हटले की अनेकांचा. आपला झेंडू, जो एरवी एक असो की अनेक असो तोंड उघडत नाही, तोही येथे बोलतो: झेंडूला पाणी घाल, म्हणजे एका रोपाला, चारी झेंडूंना पाणी घाल, म्हणजे चार रोपांना. हे टिंब बोलताना ऐकूही येते आणि अर्थही बदलते.

खेड्यातल्या माणसाला या टिंबाची किंमत कागदपत्रात कळते. वाटणीच्या कागदावर 'बांधावरील आंब्याच्या झाडाचा हक्क' असे लिहिले तर एक झाड; 'झाडांचा हक्क' लिहिले तर सगळी झाडे. एका टिंबाचे अंतर, आणि त्यापायी दोन भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवू शकतात. मानाचेही तसेच आहे. वडिलांना, गुरुजींना, आजोबांना, ही आदरार्थी रूपे अनेकवचनी असतात आणि त्यांवर टिंब असते. ते गाळले की मोठ्या माणसाचा मान कागदावरून उतरतो. ऐकू न येणाऱ्या शंभर टिंबांचे ओझे १९६२ साली उतरले ते अशासाठी, की हे एक टिंब मुलांनी विसरू नये.

टिंबाच्या जोडीला ऱ्हस्व-दीर्घाची एक खूण आहे, तीही याच शब्दात सापडते. फूल लिहिताना 'फू' दीर्घ, पण फुले, फुलाला, फुलांचा लिहिताना 'फु' ऱ्हस्व. शब्द पुढे वाढला की आधीचा दीर्घ स्वर आखडतो. मूल-मुले, सून-सुना, वीट-विटा, गरीब-गरिबांना हे त्याचेच भाऊबंद. एक फूल हाती असले की नियमांची अर्धी परडी भरते.

आता भिवंडीच्या वर्गात चला. हे मागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेली विणकर घराणी येथे आहेत, तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत, गुजराती व्यापारी आहेत, भोवतीच्या गावांतून आगरी, कुणबी, कोळी, वारली, कातकरी मुले आहेत. त्यांतली पुष्कळशी मराठी शिकतात, कोणी घरची भाषा म्हणून, कोणी शेजारची भाषा म्हणून. हिंदी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातला मुलगा लिहितो, 'मी दोन फूल आणले.' आपण म्हणतो, काय हा निष्काळजीपणा! पण निष्काळजीपणा नाहीच तो. हिंदी-उर्दूत फूल पुल्लिंगी आहे. एक फूल, दस फूल. आपल्या झेंडूसारखे ते बदलत नाही. बदलतो तो तिकडचा गेंदा: एक गेंदा, दस गेंदे. म्हणजे मराठीत झेंडू स्थिर आणि फूल बदलते. हिंदीत फूल स्थिर आणि गेंदा बदलतो. हा उलटा खेळ मुलाला फळ्यावर मांडून दाखवला तर तो पुन्हा 'दोन फूल' लिहिणार नाही, आणि आपली घरची भाषा चुकीची आहे असेही त्याला वाटणार नाही.

तेलुगू घरातल्या मुलीला विचारा. दसऱ्याच्या आधी त्यांच्याकडे बतुकम्मा मांडतात, तीत झेंडूची फुले थरावर थर रचतात. ती सांगेल, एक पुव्वु, पुष्कळ पुव्वुलु किंवा पूलु. बंतिपूलु म्हणजे झेंडूची फुले. म्हणजे तिच्या भाषेनेही झेंडूचे नाव तसेच ठेवले आणि संख्या फुलावर टाकली, अगदी आपल्या मराठीसारखी. गुजराती मुलगा सांगेल, एक गलगोटो, पुष्कळ गलगोटा. एका झेंडूवर चार भाषांचा तास होतो, आणि त्याला पुस्तकही लागत नाही.

राहिला प्रश्न 'फुलं' आणि 'फुले' यांचा. एका विद्यार्थ्याच्या निबंधात आजीचे बोलणे होते, "बाळा, फुलं तोडू नको," आणि तपासणाऱ्याने 'फुलं'खाली रेघ ओढून गुण कापले होते. हे बरोबर नाही. पात्राच्या तोंडी घातलेली भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी, असे १९६२च्या नियमांतच म्हटले आहे. आजी 'फुले' म्हणत नाही. तिने 'फुलं'च म्हटले पाहिजे. मात्र तोच विद्यार्थी स्वतःच्या निवेदनात एका ओळीत 'फुलं' आणि दुसऱ्या ओळीत 'फुले' लिहू लागला, तर त्याला थांबवून समजावून द्यावे. अर्ज, उत्तरपत्रिका, इतिवृत्त, पत्रव्यवहार यांत 'फुले', 'झाडे', 'मुले' लिहावे. बोलताना आणि मोठ्याने वाचताना मात्र 'फुलं', 'झाडं', 'मुलं' म्हणायला काहीच हरकत नाही. आपण सगळे तसेच बोलतो. आम्ही व्याख्याने देणारेही कागदावर 'फुले' लिहितो आणि ध्वनिक्षेपकापुढे 'फुलं' म्हणतो. लेखन आणि उच्चार ही दोन निराळी वस्त्रे आहेत. एक कचेरीचे, एक घरचे. घरचे वस्त्र अंगावर आहे म्हणून मुलाला कोणी दाराबाहेर उभे करीत नाही.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. झेंडूचा हंगाम आला की प्रत्येक मुलाने एकेक झेंडू आणावा. आधी तो मोजावा: एक झेंडू, चाळीस झेंडू. मग उभा चिरून आतली लहान फुले पाहावी. मग फळ्यावर दोन वाक्ये लिहावी, एक फुलाचे, एक फुलांचे, आणि टिंबाने काय बदलले ते मुलांकडूनच काढून घ्यावे. शेवटी प्रत्येकाने आपल्या घरी या फुलाला काय म्हणतात आणि पुष्कळ असली तर काय म्हणतात, ते आईला किंवा आजीला विचारून वहीत लिहून आणावे. गोंडा, गेंदा, बंति, गलगोटो, जे असेल ते. त्या वहीत तांबड्या शाईचे काम फारसे पडणार नाही.